आवृत्ती, पाठ आणि डाव : पटावरील खेळांच्या नियमग्रंथांचा इतिहास व भूमिकाखेळांची भावी घडण

‘आवृत्ती’ या शब्दाचा मूळ अर्थ फिरून येणे. अथर्वशीर्षाची आवर्तने होतात तेथे हाच धातू आहे, आणि प्रत्येक आवर्तन पहिल्याइतकेच पूर्ण असते. छापखान्याने या शब्दाला दुसरा अर्थ चिकटवला. ‘सुधारून वाढविलेली आवृत्ती’ बाजारात आली की आधीची जुनी ठरते, रद्दीत जाते, फार तर संग्राहकाच्या कपाटात. काव्य-कादंबरीच्या बाबतीत या दोन अर्थांतील ताण फारसा जाणवत नाही. खेळाच्या नियमग्रंथाच्या बाबतीत मात्र तो तीव्र होतो, कारण नियमग्रंथ हा केवळ वाचण्याचा ग्रंथ नव्हे. तो वागण्याचा ग्रंथ आहे. त्याची आवृत्ती बदलली की एका टेबलाभोवती बसलेल्या माणसांचे परस्परांशी वागणे बदलते. तौलनिक साहित्याभ्यासाने या वाङ्मयप्रकाराकडे जवळजवळ पाहिलेलेच नाही. प्रस्तुत निबंधात या प्रकारातील एका अर्वाचीन शाखेचा, म्हणजे भूमिकाखेळांच्या नियमग्रंथांचा, मराठी-कन्नड प्रदेशातील जुन्या नियमग्रंथांच्या शेजारी ठेवून विचार करावयाचा आहे.

भूमिकाखेळ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र धारण करतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे काय करतात ते खेळणारे बोलतात, आणि कृतीचे फळ संशयित असेल तेथे फासा टाकला जातो. पट असला तर असतो, नसला तरी चालते. हारजीत नसते. या खेळाचे पूर्वज युद्धखेळांत आहेत. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ याने १८२४ मध्ये नकाशावरील युद्धखेळाचे नियम छापले. पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नोआ याने बहुतेक नियम बाजूला सारून पंचाच्या अनुभवी निर्णयावर खेळ चालवावा असे सुचविले. नियम मोठा की पंच मोठा, हा वाद म्हणजे भूमिकाखेळांच्या पुढील सर्व आवृत्त्यांचे बीज होय. अमेरिकेतील हौशी युद्धखेळाडूंपैकी डेव्हिड वेस्ली याने १९६९ मध्ये सेनेऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका खेळाडूंना दिली, डेव्ह आर्नेसन याने ती कल्पना काल्पनिक राज्यात नेली, आणि आर्नेसन व गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तीन छोट्या पुस्तिकांची पेटी काढली. पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार होत्या.

त्या पुस्तिका अपुऱ्या होत्या, आणि माझ्या मते तेच त्यांचे सामर्थ्य होते. वाचणाऱ्याला अर्धे नियम स्वतः रचावे लागत. गावोगावी निराळे खेळ निर्माण झाले. ही विविधता प्रकाशकाला परवडणारी नव्हती. १९७७ ते १९७९ या काळात ‘प्रगत’ या विशेषणासह तीन जाड ग्रंथ आले आणि सर्वत्र एकच खेळ चालावा हा आग्रह त्यांच्यासोबत आला. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती, १९९७ मध्ये मूळ कंपनीची विक्री, २००० मध्ये तिसरी आवृत्ती, २००३ मध्ये तिचीच ‘साडेतीन’ म्हणून दुरुस्ती, २००८ मध्ये चौथी, २०१४ मध्ये पाचवी, आणि २०२४ मध्ये क्रमांक न देता केलेले संस्करण, असा हा प्रवास आहे. त्यातील प्रत्येक बदलाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. दोन घटना मात्र महत्त्वाच्या. २००० मध्ये नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली इतरांना वापरू दिला गेला. त्यामुळे २००८ ची चौथी आवृत्ती ज्यांना रुचली नाही त्यांच्यासाठी ‘पाथफाइंडर’ हा खेळ २००९ मध्ये जुन्याच नियमांवर उभा राहू शकला. म्हणजे मूळ प्रकाशकाने टाकून दिलेली आवृत्ती दुसऱ्याच्या घरी नांदू लागली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये हा परवाना आवळण्याचा मसुदा बाहेर फुटला; खेळणाऱ्यांचा क्षोभ इतका झाला की त्याच महिन्याच्या २७ तारखेस नियमांचा गाभा मागे घेता येणार नाही अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली द्यावा लागला. ग्रंथाच्या मालकाला वाचकांनी पाठाचे विश्वस्त होण्यास भाग पाडल्याचे असे उदाहरण साहित्याच्या इतिहासात विरळा असेल.

आवृत्त्यांच्या या उतरंडीत पाठ कसा वाहत जातो, याचा एक नमुना आपल्या परिचयाचा आहे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या ग्रंथात ‘राक्षस’ आहे. त्याचे शिर वाघाचे, अंगात उंची झगा, हाती चिलमीसारखा पाइप. आणि मंत्राने पवित्र केलेला यांत्रिक धनुष्याचा बाण लागला तरच तो तत्काळ मरतो. रामायण-महाभारतात असा बाण कोठेही नाही. तो आला १९७४-७५ मधील एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील भयकथेतून. मालिका विस्मृतीत गेली, बाण टिकला. २०१४ च्या आवृत्तीतही सज्जनाच्या हातच्या मंतरलेल्या टोकदार शस्त्राने राक्षसाला अधिक इजा होते, असा त्याचा अवशेष आहे. बिभीषण आणि घटोत्कच ज्या परंपरेत राक्षस आहेत, तिच्यातून आलेल्या वाचकाला हे पाहून हसू येते. पण पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही निव्वळ चूक नव्हे. एक प्रक्षेप चार आवृत्त्या ओलांडून मूलपाठ झाला आहे, एवढेच.

आता आपल्याकडे वळू. या प्रदेशातील खेळांच्या नियमांचा लेखी इतिहास कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथापर्यंत, म्हणजे इ. स. ११२९-३१ च्या सुमारापर्यंत, मागे नेता येतो. मराठी भाषेच्या आद्य नमुन्यांसाठी आपण हा ग्रंथ उघडतो. त्यातील क्रीडाविषयक भाग मात्र सहसा उलटून पुढे जातो. राजाने कोणते खेळ कसे खेळावेत, चतुरंगाची मांडणी कशी, कवड्या व फासे कसे टाकावेत, हे तेथे सविस्तर आले आहे. ज्या गावात तो लिहिला गेला ते आज कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात आहे. मराठी आणि कन्नड यांच्या सामाईक कोठारातील हा पहिला नियमग्रंथ होय.

सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाचे उदाहरण अधिक बोलके आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील या पंडिताने ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा धर्मनिबंध रचला आणि त्यातील नीतिमयूखात बुद्धिबळाचे नियम दिले. श्राद्ध, दान, व्यवहार यांच्या पंगतीत घोड्याची चाल येऊन बसावी, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. निबंधकार हा नवा कायदा करणारा नसतो. तो पूर्वीची मते गोळा करतो, विरोधी मत ‘केचित्’ म्हणून नोंदवतो, देशाचाराला जागा ठेवतो आणि मग आपला कौल देतो. धर्मशास्त्राच्या निबंधात आवृत्ती मागच्या मताला पुसत नाही, ते पोटात घेते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

याउलट प्रकारचा ग्रंथ पेशवाईच्या अखेरच्या काळात दिसतो. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले, आणि त्याच्या शीर्षकातच हे डाव युरोपीय खेळपद्धतीशी जुळवून घेतले आहेत असा खुलासा होता. देशी बुद्धिबळ आणि युरोपीय बुद्धिबळ यांत तेव्हा बरेच अंतर होते. अनेक ठिकाणी प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाता येत नसत. शेवटच्या घरी पोचलेल्या प्याद्याला त्या घराच्या मूळ मोहऱ्याचाच दर्जा मिळे. राजाला एकदा घोड्याची चाल असे. आणि प्रतिपक्षाचा एकटा राजा उरला की डाव बुर्जी ठरे. प्यादेमात हा विजयाचा सर्वांत मानाचा प्रकार होता. या नियमांवर बेतलेले डाव दुसऱ्या नियमांत बसवणे म्हणजे केवळ भाषांतर नव्हे, तो छंदांतर करण्याचा प्रकार आहे: ओवीतील मजकूर सुनीतात घालावा तसा. आजच्या भूमिकाखेळाडूंच्या परिभाषेत बोलायचे तर एका आवृत्तीतील साहस दुसऱ्या आवृत्तीत ‘कन्व्हर्ट’ केले गेले. पेशवाई बुडण्याच्या चार वर्षे आधी हे घडले, हा योगायोग असला तरी लक्षात राहण्याजोगा आहे. पुढील शतकभरात युरोपीय नियमच ‘बुद्धिबळ’ झाले. देशी नियमांवर वाढलेला मीर सुलतान खान १९२६ च्या सुमारास नवे नियम शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळवून गेला, हे खरे. पण त्याची कथा आपण नेहमी विजयाची म्हणून सांगतो. त्याने जो खेळ मागे टाकला त्याचे काय झाले, हे विचारत नाही. बुर्जी हा शब्द आज किती मराठी बुद्धिबळपटूंना ठाऊक आहे?

औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) पंडित हरिकृष्ण यांनी १८७१ मध्ये ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या प्रचंड ग्रंथात ‘क्रीडाकौशल्य’ हे प्रकरण लिहिले, तेव्हा बहुधा असेच काही त्यांच्या मनात असावे. बुद्धिबळ, सोंगट्या, गंजिफा, ज्ञानपट असे खेळ एकत्र करून त्यांनी त्यांचे नियम श्लोकबद्ध केले. ज्योतिषाच्या ग्रंथात हे का, असा प्रश्न पडतो. पण अंक, दैव आणि फासा यांचा संबंध ज्योतिष्याला सांगावा लागत नाही. ज्ञानपट किंवा मोक्षपट म्हणजे सापशिडीचे मूळ रूप. तो ज्ञानेश्वरांनी निर्माण केला ही लोकप्रिय समजूत आहे. उपलब्ध बहुतेक पट मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील आहेत. त्यातही एक पाठ नाही. वैष्णव पट बहात्तर घरांचे, जैन चौऱ्याऐंशी घरांचे, सूफी शंभरावर एक घरांचे. प्रत्येक घरावर नाव लिहिलेले, म्हणजे पट वाचायचा आणि खेळायचाही. सोंगटी हा खेळणाराचा जीव आणि तो नरक-स्वर्गांतून फिरतो. भूमिकाखेळाच्या सर्वांत जवळचा आपला जुना खेळ हाच म्हटला पाहिजे. इंग्लंडात गेल्यावर घरांची नावे गळाली, आणि राहिले ते साप, शिड्या आणि अंक. सोपी केलेली आवृत्ती जगभर पसरते, यात नवल नाही. पण जे गळाले तेच या खेळाचे वाङ्मय होते.

गंजिफांची कथा वेगळी आणि अधिक दुःखद आहे. दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंक अशी बारा पाने, एकूण एकशेवीस. काही रंगांत दहा श्रेष्ठ, तर काहींत एक्का. दिवसा रामाचा रंग पुढे, रात्री कृष्णाचा. नियमांत काळवेळ शिरलेली पाहून मला नेहमी कौतुक वाटते. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४-१८६८) यांनी तर दहा रंगांहून कितीतरी मोठे संच कल्पिले, नवनवे नियम रचले, बुद्धिबळाच्या पटावर घोड्याच्या चालीची कोडी बांधली. १८३१ मध्ये इंग्रजांनी त्यांचा राज्यकारभार काढून घेतला होता. राज्याचे नियम हातून गेलेल्या राजाने खेळाचे नियम करीत बसावे, यातील कारुण्य स्पष्ट आहे. पण त्याला केवळ विरंगुळा म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या कल्पना मात्र दरबाराबाहेर रुजल्या नाहीत. सावंतवाडीस उलट झाले. तेथील राजघराण्याने, विशेषतः सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गंजिफा रंगविण्याची कला मरणपंथावरून मागे आणली. आज संच विकत मिळतात, भिंतीवर लावले जातात, भेट दिले जातात. खेळणारे मात्र शोधावे लागतात. पाने टिकली, डाव गेला. वस्तू जपली म्हणजे खेळ जपला असे नव्हे. नियम खेळणाऱ्यांच्या तोंडी असतात, आणि तोंडे बंद झाली की एकशेवीस सुंदर चित्रे उरतात.

त्याच जिल्ह्यात दशावतारी नाटक मात्र जिवंत आहे. त्याला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद नट रंगावरच रचतात. राजाने कसे बोलावे, ऋषीने किती तत्त्वज्ञान झाडावे, संकासुराने कोठे थट्टा करावी, याचे अलिखित नियम प्रत्येकाला पाठ आहेत. तेच दहा अवतार पानांवर असताना निर्जीव झाले आणि रंगावर जगले. एकनाथांच्या भारुडांतही कवी जोशी होतो, वासुदेव होतो, गोंधळी होतो. भूमिका घेऊन बोलण्याची ही परंपरा असलेल्या भाषेला भूमिकाखेळ परका वाटण्याचे कारण नाही. परका आहे तो त्याचा ग्रंथ.

बंगळूर शहरात याला एक जुना दाखला आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले. त्यांच्या दरबारी कवी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिला, वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. जयराम स्वतःस बारा भाषांचा जाणकार म्हणवतो, आणि त्याच्या ग्रंथात दरबारातील समस्यापूर्तीचे प्रसंग आहेत. एकाने चरण टाकावा, दुसऱ्याने तो आपल्या भाषेत पुरा करावा. नियम एक, भाषा अनेक, आणि पंच म्हणून राजा. समस्यापूर्ती ही काव्यस्पर्धा म्हणून शिकवली जाते. ती टेबलावरचा खेळ म्हणूनही वाचता येईल.

आजच्या बंगळुरातील चित्र काही अंशी तसेच आहे. शहराच्या पूर्वेस, बाह्य वर्तुळमार्गावर मारतहळ्ळी हा भाग आहे. हे नाव मराठ्यांवरून पडले असे मराठी माणूस सांगतो, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ‘मारुत’ विमानावरून पडले असे दुसरा कोणी सांगतो. स्थलनामांनाही पाठभेद असतात. तेथील एका सदनिकेत शनिवारी रात्री जमणाऱ्या सहा जणांच्या खेळाला मी काही महिने प्रेक्षक म्हणून बसत असे. कोल्हापूर, बेळगाव, नाशिक येथून संगणक-व्यवसायासाठी आलेली ही मंडळी, शिवाय एक हुबळीकर. ग्रंथ इंग्रजी, सूत्रधाराचे वर्णन मराठी, बाजारातील व्यापाऱ्याचे बोलणे कन्नड, आणि भांडण झाले की हिंदी. २०२४ चे नवे ग्रंथ आले तेव्हा टेबल फुटण्याची वेळ आली. शेवटी दोघांनी जुनी आवृत्ती धरली, तिघांनी नवी, आणि सूत्रधाराने एक वही केली. औषध पिणे ही आता झटपट कृती, हा नवा नियम वहीत घेतला. थकव्याचा जुना नियम ठेवला. ज्याने मत मांडले त्याचे नाव समासात लिहिले. नीलकंठ भट्टाला ही वही तत्काळ समजली असती.

वहीतील सर्वांत लांब नोंद एका शब्दाची होती. एल्फ, ड्वार्फ इत्यादींसाठी जुन्या आवृत्त्यांत ‘रेस’ हा शब्द होता; २०२४ मध्ये त्याजागी ‘स्पीशीज’ आला. अमेरिकी समाजाच्या इतिहासामुळे तो बदल झाला आणि तो योग्यच आहे. मराठीत काय म्हणावे? ‘वंश’ म्हटले तर पुसलेलाच शब्द परत येतो. ‘प्रजाती’ प्राणिशास्त्रातला. बोलताना तोंडात सहज येतो तो ‘जात’, कारण मराठीत आंब्याचीही जात असते आणि माणसाचीही. पण ज्या भाषेत माणसाच्या जातीला जन्मतः गुण आणि अवगुण चिकटवले गेले, त्या भाषेत जातीनुसार बळ आणि बुद्धीचे अंक वाटणारा तक्ता टेबलावर ठेवणे म्हणजे खेळ राहत नाही. एका खेळाडूने हे फार शांतपणे सांगितले आणि त्यानंतर कोणी तो शब्द उच्चारला नाही. वहीत ‘कूळ’ लिहिले गेले, त्यापुढे प्रश्नचिन्हासह. कूळ शब्दाला जमिनीच्या कायद्याचा वास आहे, असे नाशिककराचे म्हणणे होते. तेही खरेच. भाषांतरात केवळ शब्द बदलत नाही. त्या शब्दाखाली दडलेला दुसराच नियम वर येतो.

तेव्हा पुढील आवृत्त्यांची घडण कशी असावी? प्रकाशक दर दहा वर्षांनी नवा ग्रंथ काढणार, हे अर्थकारण आहे आणि ते बदलणार नाही. पण त्या ग्रंथाची रचना बदलू शकते, आणि त्यासाठीचा आदर्श पुण्यात आहे. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पुरे केले. त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते वापरली. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात, द्यूतप्रसंगी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा संहितेत नाही; तो रेषेखाली आहे. कित्येक श्रद्धाळू वाचकांना याचा धक्का बसला, आणि तो समजण्यासारखा आहे. तरी संपादकाने तो मजकूर फेकला नाही. कोणत्या पोथीत तो आहे, कोणत्या नाही, हे नोंदवून ठेवला. ज्याला कृष्ण हवा त्याला तो त्याच पानावर मिळतो.

नियमग्रंथाचे पान असे असू शकते: वर चालू पाठ, रेषेखाली १९७४ पासूनचे पाठभेद, आणि त्याखाली टेबलांचे गृहनियम. कागदावर हे अवजड होईल. पडद्यावर होणार नाही, आणि हे ग्रंथ आता पडद्यावरही वाचले जातात. नियमांचा गाभा खुला असल्याने २०२३ नंतर कायद्याची मुख्य अडचणही उरलेली नाही. मराठी नियमग्रंथ करावयाचा तर त्याने इंग्रजी ग्रंथाची प्रतिकृती होऊ नये. त्यात सूत्रधारासाठी दशावतारी नटाची शिस्त असावी, मोक्षपटाप्रमाणे प्रत्येक घराला नाव असावे, रंग दिवसरात्र बदलावेत, आणि बुर्जी हा शब्द पुन्हा वापरात यावा: जिंकणे आणि हरणे यांच्या मधली ती अवस्था भूमिकाखेळात तर पदोपदी येते. राक्षसाच्या नोंदीत वाघाचे शिर वर ठेवायचे की रेषेखाली, याचा निकाल मारतहळ्ळीच्या वहीत अद्याप झालेला नाही. त्यावर हुबळीकराचे मत वेगळे आहे आणि ते कन्नडमध्ये लिहिलेले आहे.